कोलाज सुरू करताय? सांगलीतल्या नवख्यांसाठी रद्दीपासून प्रदर्शनापर्यंतची वाट

कोलाज म्हणजे कागदाचे तुकडे कापून, फाडून, चिकटवून केलेलं चित्र. ते शिकायला येणारी बहुतेक मंडळी पहिल्यांदा विचारतात, "कुठला गम वापरू?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर पुढं सविस्तर दिलंय. पण त्याच्या आधी एक प्रश्न स्वतःला विचारा : हा कागद माझ्याकडं आला कुठून? ज्याला आपल्या कागदाचा ठावठिकाणा माहीत असतो, त्याचं कोलाज दोन-तीन वर्षांत वेगळं दिसायला लागतं. ज्याला नसतो, त्याची चित्रं इंटरनेटवर पाहिलेल्या चित्रांसारखीच होत राहतात.

मी बाइंडिंगच्या कामातून इकडं आले. घरचंच दुकान होतं. कीर्द-खतावण्या, शाळेच्या वह्या, वाचनालयाची खिळखिळी पुस्तकं बांधायला यायची. त्यामुळं चित्रकलेच्या आधी मला कागद कळायला लागला. आर्ट कॉलेजची पदवी माझ्याकडं नाही, आणि तुमच्याकडंही नसेल तर बिचकू नका. पश्चिम बंगालमधल्या दक्षिण २४ परगणा जिल्ह्यातल्या खेड्यात राहणाऱ्या शकीला शेख वर्तमानपत्रांच्या पिशव्या करून विकायच्या. बी. आर. पनेसर या चित्रकारानं त्यांना वाट दाखवली आणि त्याच वर्तमानपत्रांतून त्यांची मोठमोठी कोलाजं उभी राहिली. इंग्लंडच्या मेरी डिलेनी यांनी वयाच्या बहात्तरीच्या सुमारास रंगीत कागद कातरून फुलं करायला घेतली आणि हजाराच्या आसपास चित्रं केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. शांतिनिकेतनचे चित्रकार विनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी १९५६-५७ च्या सुमारास पूर्ण गेली, त्यानंतर ते कागद कापून, हातानं चाचपून चित्रं करत राहिले. वय, पदवी, इतकंच काय नजरसुद्धा, यातलं काहीच अडसर ठरलं नाही. या तिघांचाही हात कागदावर चांगला बसलेला होता.

१. आधी आपल्या भागातला कागद गोळा करा

विकत मिळणारी परदेशी कोलाज-पुस्तकं आणि ऑनलाइन मिळणारे 'व्हिंटेज पेपर पॅक' सुरुवातीला घेऊ नका. सांगली-मिरजेत कागदाला तोटा नाही. मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्याच्या जुन्या पट्ट्या (म्हणजे हिशेबाच्या पावत्या), तासगावकडचे बेदाण्याचे छापील बॉक्स, कुस्तीच्या मैदानांची भडक पोस्टरं, नाटकांची हँडबिलं, साखर कारखान्यांचे जुने अहवाल, लग्नपत्रिका, शिवणकामाचे खाकी नमुने. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' केलं ते सांगलीतच, तेव्हा नाटकाच्या कागदाचा इथं तुटवडा कसा असेल?

रद्दीवाल्याशी ओळख वाढवा. रद्दी किलोवर मिळते, पण निवडून घ्यायची म्हटलं की दर बदलतो, त्यामुळं आधीच ठरवून घ्या. दुपारी त्याला जरा सवड असते, तेव्हा जा. छापखान्यातही विचारा. छपाई सुरू करताना मशिनमधून निघणारे वाया गेलेले कागद, एकावर एक दोन-तीन वेळा छापलेले, ते लोक फेकूनच देतात. त्या कागदांवर अक्षरं आणि रंग असे काही बसलेले असतात की मुद्दाम करायला गेलात तर जमणार नाही. मला आजही सगळ्यात जास्त आनंद त्याच गठ्ठ्याचा होतो.

इथंच एक इशारा. रद्दीत किर्लोस्करवाडीची जुनी मासिकं हाती लागली तर कात्री खाली ठेवा. 'किर्लोस्कर' १९२० पासूनचं, 'स्त्री' १९३० पासूनचं, 'मनोहर' १९३४ पासूनचं. त्यांचे संपादक शं. वा. किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते आणि त्या अंकांच्या पानापानांत ते दिसतं. असे जुने अंक आता घरोघरी उरलेले नाहीत. २०१९ च्या पुरात नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजली, तेव्हा एकेक जुना अंक म्हणजे काय ते या गावानं पाहिलंय. पान स्कॅन करा, लेझर प्रिंट काढा आणि ती कापा. मूळ अंक वाचनालयाला द्या.

२. साहित्याची यादी

हरभट रोडच्या स्टेशनरीच्या दुकानांत यातलं बरंच काही मिळून जातं.

- कटिंग मॅट, ए३ आकाराची. काचेवर कापलं तर पातं लगेच बोथट होतं.
- ९ मिमी पात्याचा कटर आणि स्टीलची पट्टी. प्लास्टिकची पट्टी पात्यानं सोलून निघते.
- बारीक कामाला ३ नंबरचं सर्जिकल हँडल आणि त्यात बसणारी ११ नंबरची पाती. मिरजेत दवाखान्यांच्या आसपासच्या सर्जिकल दुकानांत सहज मिळतात. चित्रातल्या डोळ्याची कड, बोटांची नखं कापायला याच्याइतकं चांगलं हत्यार नाही. वापरलेली पाती झाकणाच्या डब्यात साठवा, कचऱ्यात मोकळी टाकू नका.
- लांब पात्याची एक कात्री. तिनं फक्त कागद कापायचा, घरात तसं बजावून ठेवा.
- फेविकॉल, मैदा, दोन चपटे ब्रश, बटर पेपर, सुती फडकं.
- खाली चिकटवायला ३०० जीएसएमचा (म्हणजे चांगला जाड) कागद किंवा माउंट बोर्ड, म्हणजे फ्रेममध्ये वापरतात तो पुठ्ठा.
- प्लायचे दोन तुकडे आणि वर ठेवायला वजन.
- एक जाड वही.

वही सगळ्यात शेवटी लिहिली असली तरी पहिल्या दिवसापासून लागते.

३. वही आणि पाकिटं

आणलेला कागद रंगावरून लावायचा मोह सगळ्यांना होतो. निळे एकीकडं, तांबडे एकीकडं. असं लावलंत की तुम्ही रंगापुरताच कागद बघायला लागता. माझा आग्रह असा, की पाकिटं ठिकाणावरून करा. प्रत्येक पाकिटावर कागद कुठून आला, कधी आला आणि कुणी दिला हे लिहा. वहीत त्याच क्रमांकाखाली दोन ओळी : "मार्केट यार्ड, जुन्या पट्ट्या, जांभळी शाई, कागद पातळ, पाणी लागलं की शाई पसरते." इतकं पुरे. ही वही पुढं चिकटवताना, परवानगीचा प्रश्न आला की आणि प्रदर्शनाचा अर्ज भरताना, तिन्ही ठिकाणी कामाला येते.

पट्ट्या, बँकेची कागदपत्रं, दवाखान्याचे रिपोर्ट रद्दीत येतात, त्यांवर लोकांची नावं, फोन आणि खाते क्रमांक असतात. तेवढा भाग कापून नष्ट करा. कुणाचा आजार किंवा कर्ज तुमच्या चित्रात वाचता येता कामा नये.

४. कागदाची जात ओळखा

वर्तमानपत्राचं एक पान घ्या आणि वरून खाली फाडा. बऱ्यापैकी सरळ फाटेल. आता तेच आडवं फाडा. वेडंवाकडं, दातेरी. कागदातले तंतू एका दिशेनं बसलेले असतात, बाइंडर त्याला ग्रेन म्हणतात. ओला झाला की कागद ग्रेनच्या आडव्या दिशेनं फुगतो आणि वाळताना आकसतो. चित्राला पोक येतो तो बहुतेक वेळा यामुळं. मोठा तुकडा आणि खालचा कागद, दोन्हींचा ग्रेन एकाच दिशेला ठेवा, निम्मा त्रास तिथंच मिटतो.

वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यात लिग्निन राहतं, म्हणून उजेडात पिवळा पडतो आणि पुढं तुकडे पडतात. तुम्हाला तो पिवळेपणा हवा असेल तर खुशाल वापरा, पण जाणूनबुजून. मासिकांच्या गुळगुळीत पानांवर मातीचा लेप असतो. ती लवकर पिवळी पडत नाहीत, पण चिकटायला जास्त वेळ घेतात. इंकजेट प्रिंटवर ओला ब्रश लागला की रंग उतरतो, लेझर प्रिंटला काही होत नाही. एसटीची मशिनमधली तिकिटं आणि दुकानांची बिलं थर्मल कागदाची, त्यांवरची अक्षरं काही दिवसांनी पुसट होतात. ती हवीच असतील तर झेरॉक्स काढून वापरा.

आता हळद. सांगलीत कोलाज करायचं म्हटलं की प्रत्येकाला कधी ना कधी हळदीनं कागद रंगवावासा वाटतोच. रंग पहिल्या दिवशी सुरेख दिसतो. पण हळदीचा पिवळा रंग उजेडात टिकत नाही. खिडकीसमोरच्या भिंतीवर लावलेलं चित्र बघता बघता फिकट होतं. शिवाय चुना, साबण असं काही लागलं की तांबडा होतो, कुंकू तसंच तर बनतं. एका माझ्या विद्यार्थिनीनं हाच गुण धरला. हळदीच्या कागदावर चुन्याच्या निवळीनं रेघा ओढल्या, त्या लालभडक उमटल्या, आणि लगेच त्याचं स्कॅन करून प्रिंट चित्रात वापरली. मूळ कागद तिनं वहीत ठेवला. रंग टिकवायचा असेल तर हा मार्ग चांगला, नाहीतर सरळ ॲक्रिलिक पिवळा घ्या.

५. कापा, फाडा, मांडा, पण अजून चिकटवू नका

कापलेली कड आणि फाटलेली कड यांची भाषा वेगळी आहे. छापील कागद एकदा स्वतःकडं ओढून फाडा, एकदा पलीकडं ढकलून फाडा. एका खेपेला कडेला पांढरी रेघ राहते, दुसऱ्या खेपेला राहत नाही. ही पांढरी रेघ कुठं हवी आणि कुठं नको, हे ठरवता यायला लागलं की हातात बरंच काही आलं.

सुरुवातीची कामं पोस्टकार्डाएवढी करा. एका चित्रात जास्तीत जास्त तीन पाकिटांतला कागद. नवख्यांच्या चित्रात दिसणारी सगळ्यात मोठी अडचण ही, की आवडलेलं सगळं एकाच चित्रात येतं : फुलपाखरू, घड्याळ, बाईचा चेहरा, चंद्र. चारही गोष्टी सुट्या सुंदर असतात आणि एकत्र आल्या की एकमेकींना गप्प करतात. तुकडे मांडा, फोनवर फोटो काढा, एक तुकडा काढून घ्या, परत फोटो. एक रात्र तसंच राहू द्या, पंखा बंद ठेवून. सकाळी जे डोळ्याला खुपेल ते काढा.

बघायची सवयही लावा. सातारा जिल्ह्यात औंधला यमाईच्या डोंगरावर भवानी संग्रहालय आहे. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ते १९३८ मध्ये उभं केलं, आणि राजे असून ते स्वतः चित्रं काढायचे. रविवर्म्यांची चित्रं आणि हेन्री मूरचं आई-मुलाचं शिल्प एकाच छताखाली बघायला मिळतं. आवडीनं निवडलेल्या भिन्न वस्तू शेजारी-शेजारी ठेवल्या की काय घडतं, हे तिथं दोन तासांत कळतं. वही बरोबर न्या.

६. चिकटवणं

कायमचं आणि जाड कागदाला फेविकॉल. पातळ कागदाला खळ. जुन्या, मोलाच्या कागदालाही खळच, कारण खळ पुढं कधी ओली करून सोडवता येते, फेविकॉल वाळला की सुटत नाही.

खळ अशी करा. एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी. मैदा आधी थोड्या गार पाण्यात कालवा, गुठळी राहू देऊ नका. मग उरलेलं पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहा. पांढरटपणा जाऊन पारदर्शक झाक आली की उतरवा आणि फडक्यातून गाळा. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. आंबूस वास आला की टाकून द्या. जुने बाइंडर कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायचे. ते विषारी असतं, घरात लहान मुलं असतील तर त्या वाटेला जाऊ नका. थोडी थोडी ताजी खळ केलेली बरी.

फेविकॉल थेट डब्यातून लावू नका. तीन भागांना एक भाग पाणी घालून सारखा करा. ब्रश तुकड्याच्या मधून कडांकडं न्या. लावल्याबरोबर चिकटवायची घाई नको. मिनिटभर थांबा, कागद ओल पिऊन जेवढा फुगायचा तेवढा फुगू द्या, आणि मग खाली ठेवा. सुरकुत्या पडतात त्या ही थांबण्याची पायरी गाळल्यामुळं. वर बटर पेपर ठेवून चमच्याच्या पाठीनं मधून बाहेर दाबत जा, म्हणजे हवेचे फुगे निघतील. कडेनं बाहेर आलेला गम लगेच ओल्या फडक्यानं टिपा, वाळल्यावर तो चकाकतो आणि फोटोत फार दिसतो.

शेवटी चित्राच्या मागच्या बाजूलाही तेवढाच एक साधा कागद चिकटवा. पुढून जेवढी ओढ बसते तेवढीच मागून बसली की चित्र सरळ राहतं. मग बटर पेपर, प्लाय, वजन आणि एक पूर्ण रात्र. पावसाळ्यात दोन रात्री. उन्हात वाळवू नका.

७. कुणाचं चित्र कापताय?

भारतीय कायद्यानुसार लेखक किंवा चित्रकार वारल्यानंतर ६० वर्षांपर्यंत त्याच्या कृतीवर हक्क राहतो. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यामुळं त्यांची चित्रं वापरायला अडचण नाही. आजच्या छायाचित्रकाराचा फोटो आख्खा, ओळखू येईल असा घेऊन चित्र विकणार असाल तर आधी परवानगी घ्या. वहीत मूळ ठिकाण लिहिलेलं असेल तर कुणाकडं मागायची हे तरी कळतं. राष्ट्रध्वज, राजमुद्रा, चलनी नोटा यांना हात लावू नका.

देवांच्या चित्रांविषयी माझं मत स्पष्ट आहे. लग्नपत्रिकेवरचा गणपती, कॅलेंडरवरची अंबाबाई, हे लोक रद्दीतसुद्धा टाकत नाहीत, कुठंतरी झाडाखाली नेऊन ठेवतात. ज्यांनी विश्वासानं तुम्हाला पत्रिकांचा गठ्ठा दिला, त्यांना चित्रात चेहरा मधोमध कापलेला दिसला तर वाईट वाटेल. मी ती चित्रं अखंड बाजूला काढते आणि महिरप, वेलबुट्टी, सोनेरी पट्ट्या वापरते. तुमचा निर्णय वेगळा असू शकतो, पण तो विचार करून घ्या.

८. स्वतःची ओळख लिहा

प्रदर्शनाला किंवा शिबिराला अर्ज करताना एक पान मागतात : तुम्ही कोण आणि काय करता. इथं भल्याभल्यांची लेखणी अडखळते आणि "मानवी मनाचे अमूर्त पदर" वगैरे सुरू होतं. परीक्षक असली पानं दिवसभर वाचत असतात. वही उघडा आणि सरळ लिहा. कागद कुठून येतो, तुम्ही त्याचं काय करता, का करता. "माझे वडील हमाल पंचायतीत होते, मी यार्डातल्या पट्ट्या वापरते, आकड्यांवर पांढरा कागद चिकटवून फक्त सह्या आणि अंगठे ठेवते." अशा दोन वाक्यांत माणूस आणि काम दोन्ही उभं राहतं. दीडशे शब्दांच्या पुढं जाऊ नका. जन्मतारीख, शाळेतल्या स्पर्धा, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या श्रेणी यांना एक ओळ पुरते.

९. फ्रेम आणि पावसाळा

आपल्याकडचे फ्रेमवाले मुख्यतः देवांच्या तसबिरी आणि सत्काराचे फोटो करतात. ते सवयीनं कागद मागच्या पुठ्ठ्याला पूर्ण चिकटवून टाकतात. आधीच बजावून सांगा की चित्र चिकटवायचं नाही, वरून दोन बिंदूंवर टांगतं ठेवायचं. काच चित्राला टेकता कामा नये, मध्ये माउंटची जाडी हवी. टेकली तर ओलीनं कागद काचेला धरतो आणि काढताना सोलतो. मागचा हार्डबोर्ड आणि चित्र यांच्यामध्ये चांगला पांढरा कागद घाला.

कृष्णेकाठी राहणाऱ्यांनी पाकिटं तळमजल्यावर, पलंगाखाली ठेवू नयेत. २००५ आणि २०१९ चे पूर आठवा. गुळगुळीत मासिकं भिजून तशीच वाळली की पानं एकमेकांना धरून वीट होते, मग ती सुटत नाहीत. भिजलीच, तर ओली असतानाच पानं वेगळी करून मध्ये कोरे कागद घाला. एरवी जून ते सप्टेंबर पाकिटं भिंतीपासून चार बोटं दूर, वरच्या फळीवर. बुरशीचा ठिपका दिसला की ते पाकीट लगेच बाकीच्यांपासून वेगळं करा.

१०. लोकांसमोर आणणं

पहिलं प्रदर्शन शाळेच्या हॉलमध्ये, वाचनालयात, ओळखीच्या दुकानात करा. मग कोल्हापूरच्या शाहू स्मारक भवनातलं कलादालन, पुण्याचं बालगंधर्व. मुंबईत १९५२ पासून असलेल्या जहांगीर आर्ट गॅलरीला बुकिंगसाठी काही वर्षं थांबावं लागतं, म्हणून अर्ज लवकर करा आणि विसरून कामाला लागा. कला संचालनालयाचं महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शन आणि १८८८ मध्ये सुरू झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीचं वार्षिक प्रदर्शन यांत एखादं चित्र पाठवता येतं. दर वर्षी माहितीपत्रक नव्यानं वाचा. आकार, फ्रेम, शुल्क, पोचवायची तारीख यांच्या अटी बदलतात आणि चित्र बाद होतं ते बऱ्याचदा या बारक्या कारणांनी.

एक फाइल कायम तयार ठेवा :

- ओळखीचं पान, मराठी आणि इंग्रजी
- ओळखपत्राची प्रत आणि दोन फोटो
- दहा कामांचे फोटो, सावलीत, समोरून काढलेले, छापायच्या आकाराला ३०० डीपीआय
- कामांची यादी : शीर्षक, वर्ष, उंची गुणिले रुंदी सेंटीमीटरमध्ये, माध्यम, किंमत

किंमत ठरवताना फ्रेमचा खर्च आधी काढा, गॅलरीचं कमिशन किती ते विचारा, मग तुमचे दिवस मोजा. ओळखीच्यांना वेगळी आणि बाहेरच्यांना वेगळी अशी किंमत सांगू नका, गाव लहान आहे.

माध्यमाच्या रकान्यात नुसतं "मिश्र माध्यम" लिहून सोडू नका. वहीत बघून नीट लिहा : हळदीच्या सौद्याच्या पट्ट्या, कुस्तीचं पोस्टर, खळ, माउंट बोर्ड. बघणारे लोक चित्राच्या जवळ जातात, परत ती ओळ वाचतात, परत जवळ जातात. कुणीतरी नक्की म्हणतं, आमच्याकडं माळ्यावर असाच गठ्ठा पडलाय. त्यांचा फोन नंबर तिथंच घ्या आणि त्याच आठवड्यात जाऊन या, रिकामी पाकिटं आणि पेन बरोबर ठेवून.